इसारपावतीवर गेलेले शिवार

सरकारने शेत घेतले की गाव रस्त्यावर उतरते. तेच शेत गावच्याच माणसाने हॉटेलातल्या टेबलावर इसारपावती करून विकले की गाव पेढा घेते आणि गप्प बसते. हलगा-मच्छे बगल रस्त्यासाठी २०२१ साली पोलीस बंदोबस्तात पिकाऊ रानात यंत्रे घुसविण्यात आली, तेव्हा आमचे शेतकरी त्या यंत्रांपुढे उभे राहिले, न्यायालयात गेले, अटकेला भ्याले नाहीत. त्यांचा आम्हांस अभिमान आहे आणि राहील. परंतु येळ्ळूर, शहापूर, वडगाव, अनगोळच्या ज्या शिवारात एके काळी बेळगावी बासमतीचा वास दरवळे, त्या शिवारातील किती जमीन रस्त्याने गिळली आणि किती आम्हीच गुंठ्यागुंठ्याने आपल्या सहीने दिली, याचा हिशेब मांडण्यास कोणी तयार आहे काय? पहिल्या हिशेबासाठी मोर्चे निघतात. दुसऱ्याचे नाव काढताच माना खाली जातात.

गैरसमज नको म्हणून प्रथमच सांगतो. जमीन ही आई आहे, आईला कोणी विकत नसतो, असली भाषणे आम्ही करणार नाही. ती भाषणे व्यासपीठावरून गर्जून करणाऱ्यांतील काहींचे स्वतःचे प्लॉट पाडून विकावयास निघालेले असतात, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहे. मुलीचे लग्न, दवाखान्याचे बिल, सोसायटीचे थकलेले कर्ज, नाही तर पुण्याला नोकरीस लागलेल्या मुलाच्या घराचा पहिला हप्ता, ही कारणे खरी आहेत. पाच भावांत वाटून प्रत्येकाच्या वाट्यास आठ गुंठे आले तर त्यावर संसार चालत नाही, हेही खरे. आपली जमीन विकण्याचा हक्क मालकास आहेच. आमचा आक्षेप आहे तो चोरासारख्या विकण्यावर. मालक असून आम्ही ऋणकोच्या तोंडाने सौदा करतो. आणि समोरचा, ज्याच्याजवळ जमिनीचा तुकडाही नाही, तो सावकाराच्या ऐटीत बसतो.

दलालाचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहा. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. रस्ते, गटारे, मोकळी जागा वगळून निम्मीच जमीन विकावयास राहिली असे धरले, तरी तीस बाय चाळीसचे अठरा प्लॉट सहज पडतात. आम्ही भाव ऐकतो एकराचा. तो भाव सांगतो चौरस फुटाचा. आमच्यापैकी किती जणांनी सही करण्यापूर्वी हा साधा भागाकार केला? आणि लाखाचा आकडा ऐकून डोळे दिपतात, तेव्हा हेही विसरले जाते की २०२० साली कर्नाटकाने भूसुधारणा कायद्यातील ७९अ आणि ७९ब ही कलमे काढून टाकली. तोवर बिगरशेतकऱ्यास आणि शेतीबाहेर मोठे उत्पन्न असणाऱ्यास शेतजमीन घेण्यास जी आडकाठी होती, ती गेली. गिऱ्हाईक वाढले आहे. गिऱ्हाईक वाढले असता विकणाऱ्याने घाईने का विकावे, हे कोडे आम्हांस उलगडत नाही. घाई दलालाला असते. ती आमच्या घरी कशी शिरते?

त्याहून वाईट प्रकार वटमुखत्यारपत्राचा. ‘बिनशेतीचे मी बघतो, मोजणीचे मी बघतो, तुम्ही फक्त येथे सही करा.’ ही सही म्हणजे आपली मूठ दुसऱ्याच्या हाती देणे होय. असल्या मुखत्यारपत्राने वा साध्या बाँडवरील कराराने मालकी जात नाही, नोंदविलेल्या खरेदीखतानेच जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प खटल्यात निःसंदिग्ध सांगितले. तरीही बाँडवर जागा देणे-घेणे थांबलेले नाही. परिणाम असा की पहाणी उताऱ्यावर नाव आमचे, घर बांधून राहणारा दुसरा, पैसे खाऊन गेलेला तिसरा, आणि समन्स येते ते आमच्या नावाने. गावच्या जमिनीवर पोटासाठी चार भिंती उभारणारा तो गरीबही बहुधा मराठीच असतो, ही गोष्ट वेगळीच.

आता भाषेकडे येऊ. खरेदीखत कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत, उतारा कन्नडमध्ये. साठ-सत्तर वर्षांचा आमचा शेतकरी सही मराठीत करतो आणि वर काय लिहिले आहे ते दलाल सांगेल तेवढेच जाणतो. १९०८ च्या नोंदणी कायद्याने काळजी घेतली आहे ती नोंदणी अधिकाऱ्याची. त्यास समजत नाही आणि जिल्ह्यात प्रचारात नाही अशा भाषेत दस्त असेल, तर भाषांतर जोडल्यावाचून तो नोंदला जात नाही. विकणाऱ्यास समजत नसेल तर? त्याला विचारले जाते ते एवढेच, की सही तुमचीच ना? तो मान डोलावतो आणि वडिलार्जित रान संपते. मराठी परिपत्रकांसाठी आम्ही इतकी वर्षे भांडत आहोत, ते भांडण आम्ही सोडणार नाही. परंतु तोवर घरातला कन्नड शिकलेला नातू काय करतो? त्याने आजोबांपुढे बसून दस्ताची ओळ न् ओळ मराठीत सांगावी. सर्व्हे नंबर, हिस्सा, चतुःसीमा, ‘पूर्ण रक्कम पावली’ हे शब्द कोठे आहेत, हे कळल्याखेरीज अंगठा वा सही नको. सर्व्हे नंबराचा काही भागच विकावयाचा असेल तर आधी अकरा-ई नकाशा लागतो. तो नकाशा डोळ्यांनी पाहावा आणि मग बांधावर जाऊन पाहावा.

बहिणींचा विषय काढला की आमच्या पुरुषमंडळींचा चेहरा बदलतो, म्हणून तो आम्ही मुद्दाम काढतो. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी ही मुलाच्या बरोबरीची सहदायाद झाली, आणि त्या वेळी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. तरी भाऊबीजेच्या ताटात साडी ठेवून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत चालूच आहे. राजीखुशीने सोडले तर प्रश्न नाही. पण सौदा ठरल्याचे तिला सांगितलेलेच नसते. भाव तर नसतोच नसतो.

भावाचेही तेच. मृत्युपत्र न करता वडील वारले आणि जमीन वारसांत सामाईक आली, तर आपला हिस्सा विकणाऱ्याने तो आधी सहवारसांस देऊ करावा, त्यांचा अग्रहक्क आहे, असे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचे २२ वे कलम सांगते. ते शेतजमिनीसही लागू आहे, हे २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. भावाला न विचारता परक्याला विकणे ही केवळ भाऊबंदकी नव्हे. कायद्याने दिलेला हक्क दडविणे आहे.

रोखीच्या रकमेबद्दल थोडक्यात. खरेदीखतात एक आकडा आणि पिशवीत दुसरा, यात आपण चतुराई केली असे विकणाऱ्यास वाटते. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार वा अधिक रुपये रोखीने घेतल्यास आयकर कायद्याचा दंड तेवढ्याच रकमेचा बसतो, आणि तो बसतो घेणाऱ्यावर, देणाऱ्यावर नव्हे. शहरात पगारावर काम करणाऱ्या आमच्या बंधूंनी हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक गोष्ट सीमाभागातील माणसासच लागू आहे. ‘येथले विकतो, चंदगडकडे घेतो’ असे म्हणणारे आम्हांस रोज भेटतात. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यावयाची तर शेतकरी असल्याचा पुरावा मागतात. आमच्यातल्या कित्येकांचा तो एकमेव पुरावा म्हणजे ज्यावर आज इसार घेतला जात आहे तोच उतारा. तेव्हा ज्यांचा तिकडे घेण्याचा खरोखर विचार आहे त्यांनी येथील शेवटचे चार गुंठे हातचे ठेवून, तिकडच्या तहसीलदार कचेरीत आधी चौकशी करून, मगच दलालास घरात बसू द्यावे. आणि त्या बैठकीस भाऊ व बहीण दोघांनाही बोलवावे.