फोटोत रान, उताऱ्यात कोण?

माहेरच्या रानाचे दोन फोटो मी गटाच्या बैठकीत शेजारीशेजारी ठेवले. एक १९७०च्या आसपासचा, एक यंदाचा. जुन्यात ज्वारी, मधूनमधून तुरीचे तास, कडेला अंबाडी, बांधावर बोरी-बाभळी. नव्यात बांध कोरून नुसता ऊस. पाणी आलं, पैसा आला. त्याबद्दल तक्रार नाही. पण तूर, अंबाडी, तीळ बायकांच्या हातातलं होतं. राखेत बी त्याच जपायच्या. आता डाळ विकत आणतो आणि उसाचं बिल खातेदाराच्या नावावर जमा होतं.

खातेदार कोण? आमच्या सातबारावर बाईचं नाव तेव्हाही नव्हतं, आजही नाही. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. त्या वेळी वडील हयात नसले तरी हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये सांगितलं. तरी साडीचोळी करून हक्कसोडपत्रावर सही घेतली जातेच. याला म्हणे माया!

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला आपापल्या रानाचा जुना फोटो आणा, सोबत ताजा सातबारा. हक्कसोडपत्र पुढ्यात आलं असेल, तर सहीआधी ते गटात मोठ्याने वाचू.