वेताळाचे जपानी भाऊबंद

गेल्या महिन्यात आमच्या घरी एक लहानसा खटला उपस्थित झाला. फिर्यादी सूनबाई, आरोपी आमचा पंधरा वर्षांचा नातू, आणि न्यायासन अर्थातच आमच्याकडे; कारण निवृत्त शिक्षकास घरात दुसरे काम नसते अशी सर्वांचीच समजूत असते. फिर्याद अशी की, चिरंजीव रात्री पांघरुणात मोबाइल घेऊन रक्तपिपासू भुतांची जपानी चित्रमालिका पाहतात आणि सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी शाळेस जातात. आरोपीचे म्हणणे असे की, ती मालिका भुतांची नसून माणसांचीच आहे. "आजोबा, तुम्ही आधी बघा, मग बंदी घाला," असे तो म्हणाला. ग्रंथ न वाचता त्यावर अभिप्राय देणाऱ्यांस आम्ही जन्मभर नावे ठेवीत आलो. तेव्हा या बोलण्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते. रात्रीच्या जेवणानंतर माजघरात बसून नातवाबरोबर ती मालिका आम्ही समग्र पाहिली. भाग बावीस, एकंदर वेळ सुमारे आठ तास. भाषा जपानी, खाली धावणाऱ्या इंग्रजी ओळी आमचा चष्मा गाठीपर्यंत पुसल्या जात, म्हणून अर्ध्याअधिक नातवानेच वाचून दाखविल्या.

मालिकेचे नाव 'शिकी'. फुयुमी ओनो या जपानी लेखिकेने १९९८ साली लिहिलेल्या कादंबरीवरून र्यू फुजिसाकी यांनी चित्रकथा रचली, आणि २०१० च्या जुलैपासून डिसेंबरपर्यंत ही मालिका जपानी दूरचित्रवाणीवर दाखविली गेली. कथानक थोडक्यात असे: डोंगरात वसलेले, सुमारे तेराशे वस्तीचे एक गाव. तेथे प्रेते जाळीत नाहीत, पुरतात. टेकडीवरच्या विलायती धाटणीच्या वाड्यात किरिशिकी नावाचे एक श्रीमंत कुटुंब राहावयास येते. पुढे ऐन उन्हाळ्यात गावात एकामागून एक माणसे फिकी पडतात, अंथरूण धरतात आणि चार दिवसांत मरतात. गावचा डॉक्टर तोशिओ ओझाकी प्रथम हा रक्तक्षय समजतो, मग साथ समजतो. आणि शेवटी जे सत्य त्याच्या ध्यानी येते त्यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसत नाही. पुरलेली माणसे उठत आहेत, आणि आपल्याच शेजाऱ्यांचे रक्त पिऊन जगत आहेत.

आमची प्रथम प्रतिक्रिया कंटाळ्याची झाली, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पहिले आठ-दहा भाग कथा बैलगाडीच्या गतीने चालते. पात्रांच्या केशरचना अशा की, एखाद्याच्या डोक्यावर साळिंदर बसले आहे की काय असे वाटावे. डॉक्टर महाशय जेव्हा पाहावे तेव्हा सिगारेट ओढीत असतात. दुसऱ्या दिवशी आम्ही उठून जाण्याच्या बेतात होतो. पण गावाचे नाव ऐकले आणि पुन्हा बसलो. त्या गावाचे नाव सोतोबा. नातवाने अर्थ सांगितला की, जपानात मृताच्या स्मरणार्थ थडग्याशी उभ्या करतात त्या लाकडी फळ्यांस सोतोबा म्हणतात, आणि भोवतालच्या जंगलातील लाकडापासून त्या फळ्या करणे हा या गावाचा पूर्वापार धंदा. आता हा 'सोतोबा' म्हणजे दुसरातिसरा कोणी नसून आपला संस्कृत 'स्तूप' होय! बुद्धधर्माबरोबर हा शब्द चीनमार्गे जपानास गेला, आणि तिकडच्या जिभेवर त्याने हे रूप घेतले. आमच्याच भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी पवनी येथे, १९६९-७० सालच्या उत्खननात प्राचीन स्तूपाचे अवशेष निघाले आहेत. सिहोऱ्याच्या माजघरात बसून जपानी भुतांची गोष्ट पाहावी, आणि तीत आपल्याच जिल्ह्यातील स्तूप भेटावा, या योगायोगाचे आम्हांस मोठे कौतुक वाटले.

शब्दाचा माग एवढ्यावरच थांबत नाही. 'शिकी' हे नाव ज्या दोन अक्षरांनी लिहितात त्यांचा अर्थ प्रेत आणि पिशाच्च. चिनी बौद्ध ग्रंथांत 'वेताळ' या संस्कृत शब्दाचे भाषांतर 'उठलेले प्रेतपिशाच्च' अशा अर्थाच्या तीन अक्षरांनी केलेले आढळते, आणि त्यांतील शेवटची दोन अक्षरे हीच होत. म्हणजे ही मंडळी आपल्या वेताळाचे भाऊबंदच ठरतात. रिचर्ड बर्टन या इंग्रजाने १८७० साली वेताळकथांचे पुस्तक काढले तेव्हा त्यानेही वेताळास युरोपातील रक्तपिपासू पिशाच्चाचेच नाव दिले. पण दोघांच्या स्वभावांत महदंतर आहे. आपला वेताळ परक्या प्रेतात शिरतो, शिंशपेच्या झाडास लोंबकळतो, राजाच्या खांद्यावर बसून गोष्टी सांगतो आणि न्यायाचे कठीण प्रश्न घालतो. कोकणात आणि गोव्यात तर तो गावाचा राखणदार देव आहे. जपानी शिकीची गोष्ट निराळी. तेथे मेलेला मनुष्य स्वतःच उठतो. त्याची स्मृती, त्याची माया, त्याचे हेवेदावे सर्व जसेच्या तसे असतात. फक्त भूक बदललेली असते. आई लेकाच्या दारी येते, मित्र मित्राच्या खिडकीशी येतो. खरी भीती येथे आहे; दातांत आणि रक्तात ती नाही.

मराठी वाचकांस या कथेचे आणखी एक नाते ठाऊक असावे. अमेरिकन लेखक स्टीफन किंग यांनी १९७५ साली एका लहान गावास ग्रासणाऱ्या रक्तपिपासूंची 'सेलम्स लॉट' ही कादंबरी लिहिली. तिच्यावर आधारून नारायण धारप यांनी मराठीत 'लुचाई' रचली, आणि फुयुमी ओनो यांनी तर आपली 'शिकी' त्याच कादंबरीस अर्पण केली आहे. तात्पर्य, आमच्या पिढीने ग्रंथालयातून आणून चोरून वाचलेली 'लुचाई' आणि आमचा नातू चोरून पाहतो ती 'शिकी' या मावसबहिणी नव्हेत, सख्ख्या बहिणी होत. हे आम्ही नातवास सांगितले मात्र, त्याने ताबडतोब विचारले, "तुम्हांला कोणी बंदी घातली होती का, आजोबा?" न्यायासनाने या प्रश्नाची नोंद घेतली नाही.

उत्तरार्धात मात्र आमचे मन दुभंगले. डॉक्टरची पत्नी मरते आणि उठते. तिला खाटेस बांधून तो तिच्यावर प्रयोग करतो. कशाने ती मरेल याचा शोध घेतो, आणि शेवटी तिच्या छातीत खुंट ठोकतो. हा प्रसंग चाललेला असता सूनबाई मध्येच उठून गेल्या. आम्हीही मान फिरवली. पुढे उत्सवाच्या रात्री किरिशिकी घराण्यातील एका स्त्रीस नाडी नाही हे तो गावकऱ्यांस दाखवून देतो, आणि काल भाजी निवडणारे, देवळात दिवे लावणारे ते साधे लोक खुंट आणि हातोडे घेऊन निघतात. मारता मारता त्यांचा हात इतका सरावतो की, मध्येच बसून ते फराळ करतात आणि पुन्हा कामास लागतात. इतके रक्त दाखविण्याची गरज होती काय? आमच्या मते नव्हती. ज्या कलेस सूचकतेने साधता आले असते, तिने येथे खाटकाच्या दुकानाची पाटी लावली आहे. आपल्या साहित्यशास्त्राने बीभत्स हा रस मानला आहे खरा. पण रसाचीही मात्रा असते.

याहून गंभीर असा आमचा दुसरा आक्षेप आहे. या कथेत गावकऱ्यांचा संशय शेवटी खरा ठरतो. शत्रू खरोखरच शेजारच्या घरात दडलेला असतो. आपल्याकडे तसे नसते. २०२१ च्या ऑगस्ट महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे, जादूटोण्याच्या संशयावरून वृद्ध स्त्रीपुरुषांस भर चौकात बांधून मारहाण झाली. २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला त्यानंतरची ही गोष्ट. आमच्या पूर्व विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार पुष्कळ आढळतो. वर्गात फिकट चेहऱ्याची, पावसाळ्यात सांधे धरून रडणारी मुले आम्ही पाहिली, आणि त्यांना कोणाची तरी नजर लागली असे सांगणारे पालकही पाहिले. रक्त पिणारा कोणी नव्हता. रक्तातील दोष आईबापांकडून आला होता. परंतु ज्या म्हातारीवर नजर लावल्याचा आळ आला, तिच्या दारावर पडलेले दगड खरे होते. तेव्हा कथेतील खुंट आणि चौकातील दोर यांतील फरक मुलांस समजावून सांगणारे कोणी शेजारी बसलेले असावे, असे आम्हांस वाटते.

एवढे आक्षेप घेऊनही आम्ही या मालिकेस टाकाऊ म्हणू शकत नाही, आणि याचे कारण रित्सुको नावाची एक परिचारिका. ती मरते, उठते, भुकेने तळमळते. तिच्यासमोर तिचीच एक सहकारी आणून ठेवलेली असते. घोटभर रक्त घेतले की जीव वाचणार. ती घेत नाही. त्या बाईस ती सोडून देते आणि उपाशी राहून मरण पत्करते. डॉक्टर माणूस राहून पिशाच्चासारखा वागतो, आणि ही पिशाच्च होऊनही माणूस राहते. शाळेत तीस वर्षांहून अधिक काळ सुभाषिते शिकवून आम्हांस जे मुलांच्या गळी उतरवता आले नसेल, ते या मुक्या चित्राने आमच्या डोळ्यांदेखत नातवाच्या गळी उतरविले. तो कितीतरी वेळ बोलला नाही.

आणि आम्हीही बोललो नाही. पण आमच्या न बोलण्याचे कारण वेगळे होते. आम्हांस २०२१ चा एप्रिल महिना आठवला. करोनाची दुसरी लाट होती. आमच्या आळीतील एका घरात चौघे आजारी पडले. लोकांनी त्यांच्या दाराशी बांबू आडवे बांधले. ते बांबू आम्ही बांधले नाहीत, परंतु सोडा असेही म्हटले नाही. सूनबाई डबा घेऊन निघाल्या तेव्हा, "घरात लहान मूल आहे, तू जाऊ नकोस," असे आम्ही त्यांस बजावले. त्या काही न बोलता गेल्या, बांबूपलीकडच्या ओट्यावर डबा ठेवून आल्या, आणि पुढे चौदा दिवस ठेवीत राहिल्या. आम्ही खिडकीतून पाहत होतो. त्या घरातील आजोबा आमच्याच वयाचे, आमच्याबरोबर चांदपूरच्या मारुतीस पायी येणारे; ते त्या आजारातून उठले नाहीत. आमची सावधगिरी शास्त्रास धरून होती असे आम्ही मनास अनेकदा समजाविले आहे. पण मालिकेतील गावकरीही हेच म्हणत होते की, आमच्या घरात लहान मुले आहेत.

शेवटच्या भागात गाव जळून जाते. डॉक्टर जिवंत राहतो, पण ज्या गावासाठी त्याने हे सर्व केले ते गावच उरत नाही. नातवाने दिवा लावला आणि विचारले, "आजोबा, तुम्ही त्या डॉक्टरच्या जागी असता तर काय केले असते?" सूनबाई दाराशी उभ्या होत्या. कथासरित्सागरात राजा त्रिविक्रमसेनास वेताळ अनेक प्रश्न घालतो. राजा एकेकाचे उत्तर देतो आणि प्रत्येक वेळी वेताळ खांद्यावरून निसटून झाडावर जातो. शेवटच्या प्रश्नास मात्र राजापाशी उत्तर नसते; तो मुकाट्याने चालत राहतो, आणि त्या मौनावरच वेताळ प्रसन्न होतो. आमचे मौन तितके निर्मळ नव्हते. म्हणून आम्ही राजाप्रमाणे गप्प न राहता त्या बांबूंची आणि डब्याची गोष्ट नातवास सांगितली. ती त्याला ठाऊक नव्हती. त्या वेळी तो फार लहान होता. त्याने एकदा आमच्याकडे पाहिले, मग आईकडे पाहिले, आणि उठून तिच्या हातातील पाण्याचा तांब्या घेतला.

खटल्याचा निकाल वाचकांस सांगितला पाहिजे. पांघरुणातील मोबाइल बंद. असले चित्र पाहावयाचे तर माजघरात, दिवा लावून, आणि घरातील एका वडीलधाऱ्या मनुष्यासह. धाकट्या नातीस आणखी काही वर्षे मनाई. फिर्यादीने निकाल मान्य केला. फक्त जाता जाता एवढेच विचारले की, आता पुढची मालिका कोणती, म्हणजे त्या दिवशी स्वयंपाक लवकर आवरता येईल.