टिपट्रीचा मुरंबा

संत्र्याच्या सालीसह केलेल्या मुरंब्यास इंग्लंडांत मार्मालेड म्हणतात. तो करणारें एसेक्स परगण्यांतील टिपट्री येथील विल्किन घराणें मूळचें शेतकऱ्याचें. नाजूक स्ट्रॉबेरी लंडनच्या बाजारीं वेळेवर न पोंचल्यास वायां जाई; म्हणून आर्थर विल्किन यांनीं १८८५ सालीं शेताजवळच मुरंब्याचा कारखाना काढला आणि मालांत कृत्रिम रंग घालावयाचा नाहीं, हा नेम ठेविला. १९११ सालीं कारखान्यास पांचव्या जॉर्ज राजाची सनद मिळाली. मार्मालेडसाठीं स्पेनमधून सेव्हिलचें कडू संत्रें आणवितात. नुसतें खाववत नाहीं अशा फळाचें तेथें सोनें होतें. आमचें नागपुरी संत्रें गोड असूनहि भर हंगामांत मातीमोल जातें! बागाइतदारांनीं नवी लागवड करण्याआधीं सहकारानें कारखाना उभारावा, आणि विल्किनांचा तो नेमहि पाळावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.