उंबरठ्यावरचे पहिले पाऊल

गेल्या डिसेंबरच्या शाळेच्या सुट्टीत आम्ही दोह्याला आमच्या बहिणीकडे गेलो होतो. एकतीस तारखेच्या सायंकाळी शेजारचे स्कॉटिश गृहस्थ आमच्या मेव्हण्यांकडे एक चमत्कारिक विनंती घेऊन आले. बारा वाजून गेले की आमच्या घरात पहिले पाऊल तुम्ही टाका, असे ते म्हणाले!

या प्रथेची हकीकत वाचकांस सांगितली पाहिजे. स्कॉटलंडात वर्षाच्या अखेरच्या दिवसास हॉगमने म्हणतात. त्या दिवशी घर झाडूनपुसून, शेगडीतली जुनी राख काढून टाकतात, देणी चुकती करतात. मध्यरात्रीनंतर उंबरठा प्रथम कोण ओलांडतो त्यावर घराचे वर्षभराचे भाग्य ठरते, अशी समजूत. तो काळ्या केसांचा पुरुष असावा आणि रिकाम्या हाताने येऊ नये. कोळसा आणला तर घरात ऊब राहते. मीठ आणि केक आणला तर अन्न. तेथील चर्चला नाताळ मान्य नव्हता, म्हणून नववर्षाला एवढे महत्त्व आले. नाताळची सुट्टी तेथे १९५८ साली मिळाली. आपल्या मॉरिशसप्रमाणे २ जानेवारीलाही तेथे सुट्टी असते.

मेव्हण्यांचे केस काळेभोर. कोळशाचा तुकडा व मिठाची पुडी घेऊन ते गेले, आणि त्या घरी मोठा आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी आमचा टॅक्सीचालक सांगलीकडचा निघाला. पाडव्याला गुढी कोठे उभारता, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “गुरुजी, एका खोलीत सहा जण. गुढी कुठं लावायची? घरची गुढी मोबाइलवर बघतो.” मराठी कुटुंबे शुक्रवारी हॉल घेऊन पाडवा साजरा करतात, हे त्याला माहीत नव्हते. आणि असा मराठी माणूस गावात आहे, हे आमच्या मेव्हण्यांना माहीत नव्हते.

ही गोष्ट आमच्या मनाला लागली. १८३४ नंतर आपले वाडवडील गिरमिटावर या बेटावर आले, तेव्हा तेही मळ्यांच्या कॅम्पात दाटीवाटीने राहिले. एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. कतारमधील कामगार गिरमिटिया नव्हे, हे खरे. तेथे २०२० पासून मालकाच्या संमतीवाचून नोकरी बदलण्याची मुभा कायद्याने दिली आहे, आणि २०२१ पासून किमान मूळ वेतन महिना १००० रियाल आहे. परंतु सणाच्या दिवशी कोणी आपले दार ठोठावावे, ही तजवीज कोणताही कायदा करीत नाही. ती माणसांनीच करावयाची असते.

कोणी म्हणतील, परक्यांच्या चाली आपणांस कशाला? आम्ही कोळसा न्यावा असे म्हणत नाही. कडुनिंबाचा पाला, गूळ आणि श्रीखंडाचा डबा पुरे. दोह्यातील आमच्या आप्तांनी येत्या पाडव्याला हॉलकडे जाण्यापूर्वी एका तरी कामगाराच्या खोलीत पहिले पाऊल टाकावे, आणि येताना त्याला बरोबर घेऊन यावे.

आणि आपणही, वाचकहो! आपल्या बेटावर त्याच दिवशी उगादीची सुट्टी असते. आपल्याही गावात एखादी म्हातारी आजी एकटी असेलच. तिच्या उंबरठ्यावर पहिले पाऊल कोणाचे पडणार, ते आजच ठरवू या.