अभिधेत थांबलेला सैतान

१

पाश्चात्त्य साहित्यातील 'फाउस्ट' या आशयसूत्राचा मराठीतील विचार प्रामुख्याने शोकात्मिकेच्या अंगाने होत आला आहे. विंदा करंदीकरांनी गटेच्या 'फाउस्ट'च्या पहिल्या भागाचा अनुवाद १९६५ मध्ये मराठीत आणला. त्यानंतर ज्ञानलालसा, अहंकार आणि आत्म्याचा विक्रय ही त्रयी विद्यापीठीय चर्चेत रुजली. याच आशयसूत्राची विनोदी रूपे मात्र 'मूळ गंभीर कथेचे रंजनपर अवमूल्यन' अशा एका शेऱ्यात निकालात काढली जातात. हा शेरा तपासून पाहण्याजोगा आहे. त्यासाठी स्टॅन्ली डोनेन दिग्दर्शित 'बिडॅझल्ड' (१९६७) हा ब्रिटिश विनोदी चित्रपट अतिशय उपयुक्त ठरतो. पीटर कुक यांनी पटकथा लिहिली आणि सैतानाची भूमिका केली. डडली मूर यांनी नायकाची भूमिका केली आणि संगीतही दिले. हा चित्रपट फाउस्टकथेची थट्टा करतो असे वरवर पाहता वाटते. वस्तुतः तो त्या कथेचे एक विस्मृत अंग पुन्हा उजेडात आणतो.

विस्मृत म्हणण्याचे कारण असे की, फाउस्टकथेत विनोद उपरा नाही. १५८७ मध्ये फ्रँकफुर्टला छापल्या गेलेल्या जर्मन लोकपुस्तकातच फाउस्टच्या चेष्टा आणि करामती आहेत. मार्लोच्या 'डॉक्टर फॉस्टस'मध्ये तर नायक अदृश्य होऊन पोपच्या ताटातील पदार्थ पळवतो, आणि घोड्याच्या व्यापाऱ्याला असा घोडा विकतो की तो पाण्यात शिरताच गवताची पेंढी होऊन जातो. चोवीस वर्षांच्या सत्तेसाठी आत्मा देणारा हा पंडित ती सत्ता कशासाठी वापरतो? एका गर्भवती सरदारपत्नीला भर हिवाळ्यात द्राक्षे आणून देण्यासाठी! हे प्रसंग प्रक्षिप्त किंवा हिणकस मानण्याची एक समीक्षापरंपरा आहे. परंतु मार्लोच्या नाटकाचे खरे दुःख याच विषमतेत आहे. दिलेले मूल्य अनंत, मिळालेली वस्तू क्षुल्लक. शोकात्मिका या विषमतेचा शेवट दाखवते. विनोद ती विषमता क्षणाक्षणाला दाखवत राहतो.

'बिडॅझल्ड'ने नेमका हाच धागा उचलला आहे. लंडनमधल्या विम्पी या उपाहारगृहातील एक बुजरा स्वयंपाकी, स्टॅन्ली मून, तेथेच काम करणाऱ्या मार्गारेटवर प्रेम करतो. तिच्याशी बोलण्याचे धैर्य त्याला नाही. आत्महत्येचा प्रयत्न फसतो आणि जॉर्ज स्पिगॉट नावाचा एक सभ्य, कंटाळलेला गृहस्थ अवतरतो. आत्म्याच्या बदल्यात सात इच्छा, असा करार ठरतो. सैतान खरोखर सैतान आहे याची खातरजमा म्हणून स्टॅन्ली रास्पबेरीच्या चवीची बर्फाची कांडी मागतो. सैतान त्याला बसने दुकानात नेतो. कांडीचे पैसेही स्टॅन्लीलाच द्यावे लागतात. ही चाचणी सात इच्छांमध्ये मोजली गेली होती, हे अखेरीस कळते. मार्लोची द्राक्षे आणि कुकची बर्फाची कांडी यांत सुमारे पावणेचारशे वर्षांचे अंतर आहे, पण जात एकच आहे.

२

या चित्रपटाचा खरा विषय पाप नसून भाषा आहे. स्टॅन्लीची प्रत्येक इच्छा शब्दशः पुरी होते आणि प्रत्येक इच्छा विफल होते. त्याने वाक्पटुत्व मागितले, ते मिळाले. पण त्या बोलण्याचा ओघ प्रेमापर्यंत पोहोचला नाही. संपत्ती आणि मार्गारेटशी विवाह मागितला, दोन्ही मिळाले. पण पत्नी त्याच्याखेरीज सर्वांवर अनुरक्त. लोकप्रिय गायक होण्याची इच्छा पुरी झाली, आणि काही क्षणांत दुसऱ्या, अधिक थंड आणि तुसड्या गायकाने ती लोकप्रियता हिरावून घेतली. तो गायक अर्थातच सैतान. अखेरीस स्टॅन्ली शहाणा होऊन एक काटेकोर वाक्य रचतो: शहराच्या झगमगाटापासून दूर, परस्परांवर प्रेम करणारी दोघे, तिच्या आयुष्यात दुसरा पुरुष नाही. सर्व अटी पाळल्या जातात. स्वतः पुरुष असण्याची अट घालायची तेवढी राहून जाते, आणि तो मठातील जोगीण होतो. मार्गारेटही तेथेच जोगीण असते.

भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर हा सैतान अभिधेपाशी थांबतो. वाच्यार्थ तो तंतोतंत पाळतो. वक्त्याचे तात्पर्य मात्र ठाऊक असूनही नाकारतो. हे 'ठाऊक असूनही' महत्त्वाचे आहे. अर्थ न कळणारा मूर्ख आणि अर्थ कळूनही शब्दावर बोट ठेवणारा धूर्त, यांच्या कृतीचे फळ एक असले तरी नैतिक प्रत वेगळी असते. माणसामाणसांतील व्यवहार तात्पर्यावर चालतो. 'पाणी आहे का?' या प्रश्नाला 'आहे' एवढेच उत्तर देऊन स्वस्थ बसणारा यजमान खोटे बोलत नाही. तो फक्त माणुसकी नाकारतो. चित्रपटातील सैतान रहस्यकथांची शेवटची पाने फाडतो, ध्वनिमुद्रिकांवर ओरखडे काढतो. त्याचा मोठा गुन्हाही याच मापाचा आहे: संवादाचा शेवटचा, अर्थ पुरा करणारा भाग तो काढून घेतो.

एक भाषिक गंमत मराठी प्रेक्षकाच्या नजरेतून निसटते. नको असलेल्या इच्छेतून सुटण्यासाठी स्टॅन्लीने ओठांनी एक असभ्य आवाज काढायचा असतो. या आवाजाला इंग्रजीत 'रास्पबेरी' म्हणतात. पहिल्या इच्छेतील चव आणि सुटकेचा संकेत एकाच शब्दाने बांधलेले आहेत. करारात अडकवणारा शब्द आणि करारातून सोडवणारा शब्द एकच असावा, हा श्लेष केवळ शाब्दिक कोटी नाही. चित्रपटाच्या रचनेचा तो कणा आहे.

३

येथे एक आक्षेप संभवतो. करार, आत्मा, सैतान ही सारी सामग्री ख्रिस्ती आहे. मराठी वाचकाने तिच्याशी नाते कसे जोडावे? ख्रिस्ती सैतान मराठी भाषेला अगदी अपरिचित नाही. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. 'डॉक्टर फॉस्टस'ची दुसरी, विस्तारित संहिताही त्याच वर्षी लंडनला छापली गेली. गोव्यात 'देवचार' हा शब्द ख्रिस्ती सैतानाला लागला आणि गावाची राखण करणाऱ्या दैवतालाही तो लागतोच. तरीही आत्म्याच्या विक्रयाची कथा येथे रुजली नाही, हे मान्य करावे लागते. आपल्याकडे कथा आहे ती वराची.

वर आणि करार यांतील भेद मूलगामी आहे. वर ही आधी केलेल्या तपाची फलश्रुती असते. करार हे पुढे फेडावयाचे ऋण असते. वर मागणारा ताठ मानेने मागतो, कारण मूल्य चुकते झालेले असते. करार करणारा उधारीवर जगतो, आणि मूल्य किती हे त्याला देण्याची वेळ आल्यावरच उमगते. म्हणून वरकथेत देणाऱ्याची पंचाईत होते, करारकथेत घेणाऱ्याची. हिरण्यकशिपूच्या अटींनी देवांना पेचात टाकले. भस्मासुराने तर वरदात्यालाच पळायला लावले.

परंतु शब्द आणि तात्पर्य यांतील फटीचे भान दोन्हीकडे सारखेच आहे. हिरण्यकशिपूने घर आणि अंगण, दिवस आणि रात्र, मनुष्य आणि पशू या जोड्या नाकारल्या. उंबरठा, तिन्हीसांज आणि नृसिंह या जोड्यांच्या मधल्या जागेतून आले. कुंभकर्णाची जीभ वळली आणि इंद्रासनाऐवजी निद्रासन पदरी पडले, अशी लोकप्रसिद्ध कथा आहे. महाभारतात द्रौपदीच्या पूर्वजन्मीच्या कथेत एक कन्या 'पती दे' असे पाच वेळा म्हणते आणि शंकर पाच पती देतो. येथे शब्दशः वाचणारा सैतान नसून साक्षात शंकर आहे! म्हणजे शब्दनिष्ठा स्वभावतः आसुरी नव्हे. उच्चारलेला शब्द मागे घेता येत नाही, हा अनुभव दोन्ही परंपरांनी घेतला. एकीने तो दैवाच्या खात्यावर मांडला, दुसरीने सैतानाच्या.

या दृष्टीने सावित्रीची कथा स्टॅन्लीच्या कथेच्या बरोबर समोर उभी राहते. यमाने सत्यवानाचे प्राण सोडून अन्य वर मागण्यास सांगितले. सावित्रीने आपल्याला सत्यवानापासून शंभर पुत्र व्हावेत असा वर मागितला. यम 'तथास्तु' म्हणाला आणि आपल्याच शब्दात सापडला. मीमांसकांच्या परिभाषेत ही अर्थापत्ती: एक गोष्ट मान्य केली की जिच्यावाचून ती उपपन्न होत नाही, ती दुसरी गोष्टही मान्य करावी लागते. स्टॅन्लीची वाक्ये सैतानाला अटकाव करण्यासाठी लांबत जातात. सावित्रीचे वाक्य लहान आहे, कारण तिला काय हवे आहे ते ठाऊक आहे. स्टॅन्लीचा पराभव वाक्यरचनेतील त्रुटींमुळे झाला असे वाटते, पण त्या त्रुटी इच्छेतील आहेत. त्याला दर वेळी दुसराच कोणी व्हायचे असते. ज्याला स्वतःपासून सुटका हवी आहे, त्याला कितीही निर्दोष मसुदा वाचवू शकत नाही.

आणखी एक फरक आहे. सावित्री ज्याच्यासाठी मागते तो तिने निवडलेला आणि तिला वरलेला पती आहे. स्टॅन्लीने मार्गारेटला कधी विचारलेलेच नाही. सात इच्छांच्या या साऱ्या खटाटोपात तिला श्रीमंताची पत्नी, दुसऱ्याची साध्वी, मठातील जोगीण बनवले जाते. तिची इच्छा काय, हा प्रश्न ना मागणारा विचारतो ना देणारा. चित्रपटाच्या विनोदाआड दडलेला हा सर्वांत गंभीर अपराध आहे. सैतानाने आत्मा मागितला, तो निदान विचारून. स्टॅन्ली दुसऱ्या व्यक्तीचे आयुष्य न विचारताच मागत सुटतो.

४

शेवटाचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो. ईश्वराशी लावलेल्या पैजेप्रमाणे शंभर अब्ज आत्म्यांचा आकडा सैतान गाठतो. आता स्वर्गात परत जायचे, तर एक सत्कृत्य करावे, म्हणून तो स्टॅन्लीचा करार परत करतो. स्वर्गाचे दार मात्र उघडत नाही, कारण ते सत्कृत्य स्वतःच्या समाधानासाठी केलेले होते. म्हणजे ईश्वर सैतानाला त्याच्याच कसोटीला लावत नाही. सैतान शब्द पाहतो. ईश्वर हेतू पाहतो. तात्पर्य नाकारणाऱ्याचा न्याय अखेर तात्पर्यावरच होतो, हा काव्यगत न्याय चित्रपटाने कोणताही उपदेश न करता साधला आहे. चिडलेला सैतान उपाहारगृहे, मोटाररस्ते, प्लास्टिकची फुले आणि डबाबंद सुखे यांनी पृथ्वी भरून टाकण्याची धमकी देतो, आणि वरून ईश्वराचे हसणे ऐकू येते. १९६७ मध्ये हा उपरोध होता. आज तो जवळजवळ वास्तवाचे वर्णन ठरला आहे.

स्टॅन्ली मात्र आपल्या जुन्या कामावर परततो आणि मार्गारेटला स्वतःच्या तोंडाने विचारतो. ती आज मोकळी नसल्याचे सांगते. पुन्हा कधीतरी, असे सुचवते. साऱ्या चित्रपटात तिने स्वतःच्या इच्छेने दिलेले हे पहिले महत्त्वाचे उत्तर आहे, आणि ते 'होय' नाही. कोणत्याही करारात न बसणारी गोष्ट अशी की समोरच्या माणसाला नकार देता येतो. या नकारात जेवढी आशा आहे तेवढी सातांपैकी एकाही पूर्ण झालेल्या इच्छेत नव्हती.

हॅरोल्ड रेमिस यांनी २००० मध्ये केलेली याच कथेची अमेरिकी आवृत्ती येथे तुलनेला घेण्यासारखी आहे. तीत सैतान स्त्रीरूपात येतो. नायक अखेरीस स्वतःसाठी काही न मागता प्रेयसीला सुखाचे आयुष्य लाभावे अशी इच्छा करतो, आणि त्या निःस्वार्थ इच्छेमुळे करार रद्द होतो. प्रेयसी दुसऱ्याची असते, परंतु तिच्यासारखीच दिसणारी शेजारीण लवकरच येते. हा शेवट गोड आहे, पण गणिती आहे: निःस्वार्थ इच्छा ही करारातून सुटण्याची पळवाट ठरते आणि तिचे बक्षीसही मिळते. पहिल्या चित्रपटात ईश्वराने ज्या कारणासाठी सैतानाला परत पाठवले, तेच कारण दुसऱ्या चित्रपटात मुक्तीचे साधन बनू पाहते. नैतिकदृष्ट्या उजवा वाटणारा शेवट कलादृष्ट्या डावा ठरतो तो यामुळे.

१९६७ चा चित्रपट निर्दोष आहे असे मात्र नाही. सात पातकांना सैतानाच्या नोकरीत ठेवण्याची कल्पना मध्ययुगीन नीतिनाट्यांची आठवण करून देते. पण वासनेच्या पातकाची व्यक्तिरेखा केवळ देहदर्शनापुरती उरली आहे. मार्गारेटच्या इच्छेचा प्रश्न उभा करणाऱ्या कलाकृतीने दुसऱ्या स्त्री-पात्राला इतके पोकळ ठेवावे, ही त्या काळाची आणि त्या कर्त्यांचीही मर्यादा आहे.

५

तेव्हा विनोदी रूप म्हणजे अवमूल्यन, हा निष्कर्ष टिकत नाही. शोकात्मिका विचारते, 'आत्म्याचे मूल्य काय?' विनोद विचारतो, 'ज्यासाठी आत्मा दिला ती वस्तू तरी तुझी होती काय?' हा दुसरा प्रश्न पहिल्याहून लहान नाही. फाउस्ट व्हायला असामान्य बुद्धी लागते. स्टॅन्ली व्हायला केवळ बुजरेपणा पुरतो. म्हणून फाउस्टकडे पाहून प्रेक्षक हळहळतो, पण स्टॅन्लीकडे पाहून हसताना तो स्वतःला ओळखतो. न वाचलेल्या अटींखाली 'मान्य आहे' अशी खूण करून रोज अनेक करार करणाऱ्या आजच्या माणसाला तर ही ओळख अधिकच जवळची आहे. त्याच्या करारावर रक्ताची सही नसते, एवढेच.

मराठीच्या अभ्यासक्रमात फाउस्टकथा तौलनिक अभ्यासासाठी ठेवायची असेल, तर ती गटेपाशी सुरू होऊन गटेपाशीच संपू नये. वरकथा, करारकथा आणि त्यांची विनोदी रूपे एकत्र वाचली गेली, तर अभिधा, तात्पर्य, अर्थापत्ती या संज्ञा परीक्षेपुरत्या पाठ करायच्या व्याख्या राहणार नाहीत. माणूस काय बोलतो आणि त्याला काय हवे असते, यांमधील अंतराला एकमेकांच्या तात्पर्याचा आदर करूनच पूल बांधता येतो. सैतानाला नेमके तेच मान्य नाही. साहित्याच्या अध्यापनाला मात्र ते मान्य असावयास हवे.