रुमालाखालचा सौदा

धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत, अशी एक जुनी म्हण आहे. या म्हणीची दुसरी बाजू ग्रामीण महाराष्ट्राने न बोलता मान्य केलेली आहे. पैसे देऊन घेतलेल्या गायीचे दात मोजलेच पाहिजेत, आणि तेही विकणाऱ्याच्या शब्दावर न विसंबता. सांगोला, घोडेगाव, लोणी, काष्टी, बेल्हे किंवा चाकणच्या गुरांच्या बाजारात भल्या सकाळी जे दृश्य दिसते, ते या अविश्वासाचेच दृश्य असते. घेणारा जनावराचा जबडा उघडतो, शिंगांवरून हात फिरवतो, कास दाबून पाहतो, चार पावले चालवून पाहतो. मग दलाल मध्ये पडतो आणि रुमालाखाली बोटांना बोटे लागतात. बोटांच्या खुणांनी ठरलेला भाव दोघांनाच कळतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही त्याचा पत्ता लागत नाही.

शहरातील वाचकाला या दृश्याची गंमत वाटते. ज्याच्या घरी दोन-तीनच जनावरे आहेत, त्याच्यासाठी मात्र यात गमतीचा भाग थोडा आहे. चांगल्या दुभत्या संकरित गायीसाठी किंवा मुऱ्हा म्हशीसाठी आज लाखाच्या आसपास आणि प्रसंगी त्याहून अधिक रक्कम मोजावी लागते. ही रक्कम बहुधा सोसायटीच्या किंवा पतसंस्थेच्या कर्जातून, नाही तर घरातील दागिना मोडून उभी राहिलेली असते. गाय फसवी निघाली तर दूध थांबते. कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. २०१९च्या विसाव्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे १ कोटी ४० लाख गोवंश आणि ५६ लाख म्हशी आहेत. एवढ्या मोठ्या पशुधनाची खरेदी-विक्री आजही मुख्यतः तोंडी शब्दावर चालते, ही बाब गंभीर आहे.

फसवणुकीचे प्रकार जुने आहेत आणि बाजारात वावरणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक आहेत. सर्वांत प्रचलित प्रकार कास तुंबवण्याचा. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी धार काढायची नाही, म्हणजे सकाळी कास भरून ओथंबलेली दिसते आणि सहा लिटरची गाय दहा लिटरची म्हणून खपते. जनावराला वेदना होतात, कासदाहाचा धोका वाढतो, पण तो त्रास पुढच्या मालकाच्या दावणीला होणार असतो. दुसरा प्रकार शिंगांचा. वयाबरोबर शिंगांवर वलये उमटत जातात. ती घासून, तासून वर तेलाचा हात फिरवला की जनावर दोन-तीन वर्षांनी तरुण दिसू लागते. तिसरा प्रकार वासराचा. व्यायला बरेच महिने लोटलेल्या गायीबरोबर दुसरीचे कोवळे वासरू उभे केले की गाय ‘ताजी व्यालेली’ ठरते. दाताची लबाडी त्या मानाने अवघड आहे. आदत जनावराला कायमच्या दातांची पहिली जोडी साधारण दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास येते आणि पाचव्या वर्षापर्यंत चारही जोड्या पूर्ण होतात. तोवर वयाचा अंदाज बांधता येतो. दात जुळल्यानंतर मात्र सहा वर्षांचे आणि नऊ वर्षांचे जनावर यांतला फरक अनुभवी डोळ्यालाच कळतो.

याहून अवघड आहेत ते डोळ्यांना न दिसणारे दोष. गाय पान्हा चोरते का, धारेला लाथ मारते का, एखादा सड निकामी आहे का, वारंवार उलटते का, व्यायल्यावर मायांग बाहेर येते का, या प्रश्नांची उत्तरे बाजारात मिळत नाहीत. गाभणपणाचा दावाही असाच. दोन-तीन महिन्यांनंतर पशुवैद्यक हाताने तपासून गाभण असल्याचे सांगू शकतो, पण बाजाराच्या गर्दीत पशुवैद्यकाला बोलावतो कोण? ‘पाच महिन्यांची गाभण’ म्हणून आणलेली गाय रिकामी असल्याचे चार महिन्यांनी उघड होते, तेव्हा विकणारा हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, दुसऱ्याच जिल्ह्याच्या बाजारात उभा असतो. लाथाळ गायीविषयी विचारले तर दुभत्या गायीच्या लाथा गोड असतात, हे उत्तर तयारच असते.

अर्थात लबाडी केवळ विकणाऱ्याच्याच बाजूला असते, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. घेणारा आपल्याबरोबर एक ‘जाणकार’ आणतो. जनावराला नावे ठेवणे एवढेच त्याचे काम. विसार देऊन जनावर अडकवून ठेवायचे आणि बाजार उठत आला की भाव पाडून मागायचा, हाही एक रिवाज आहे. त्यापुढे सुरू होतात त्या आगाऊ मागण्या. चार दिवस दूध काढून पाहतो, पटले तर पैसे देतो. उसाचे बिल आले की उरलेली रक्कम देतो. दावे, कासरा, घुंगरमाळ बरोबरच द्या, शिवाय पोतेभर पेंड द्या. महिनाभर दूध काढून झाल्यावर ‘गाय उतरली, परत घ्या किंवा दहा हजार परत द्या’ असा निरोप धाडणारेही असतात. विकणाऱ्याच्या मागण्याही कमी नसतात. गाय घ्या, पण तिची पहिली कालवड आम्हाला परत द्या, असे सांगणारे महाभाग गावोगाव भेटतात.

या मागण्यांना हसण्यापूर्वी त्यांचे कारण पाहिले पाहिजे. जागा, चारा आणि धार काढणारा हात बदलला की काही दिवस गायीचे दूध खरोखरच कमी होते. त्यामुळे ‘दूध उतरले’ ही तक्रार खरी की बनावट, हे तिसऱ्या माणसाला ठरवता येत नाही. कास तुंबवलेली असल्याची शंका असेल तर सलग तीन वेळा धार काढून पाहणे हाच उपाय आहे. कारण तुंबवण्याचा लाभ पहिल्या धारेपुरताच असतो. म्हणजे ‘चार दिवस दूध काढून पाहतो’ ही मागणी वरकरणी उद्दाम वाटली तरी तिच्यामागे पूर्वीच्या फसवणुकीचा अनुभव असतो. प्रामाणिक विक्रेत्याला ती अपमानास्पद वाटते आणि लबाड विक्रेता तिच्यासाठी आधीच भाव चढवून ठेवतो. एकाच्या लबाडीतून दुसऱ्याचा आगाऊपणा जन्मतो आणि त्या आगाऊपणाच्या भीतीने पहिला अधिक लबाड होतो.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७०मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन नेमके हेच मांडले होते. मालाचा दोष फक्त विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर घेणारा प्रत्येक मालाला दोषी समजूनच भाव देतो. मग चांगल्या मालाचा मालक बाजारात येणेच सोडतो आणि बाजारात वाईट मालाचेच प्रमाण वाढत जाते. या विचारासाठी त्यांना २००१मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. त्याच निबंधात भारतीय गृहिणी बाजारातील तांदळातून मुद्दाम मिसळलेले खडे निवडतात, याचाही उल्लेख आहे. तांदळातला खडा निदान निवडता येतो. गायीच्या पोटातला दोष निवडता येत नाही. म्हणूनच चांगली गाय बाजारात सहसा येत नाही, ती पाहुण्यारावळ्यांत, ओळखीत, गोठ्यावरच विकली जाते, हा शेतकऱ्यांचा अनुभव अकेरलॉफ यांच्या सिद्धान्ताशी तंतोतंत जुळतो.

पूर्वी या अविश्वासाला काही बांध होते. एकेक बैल असलेले दोन शेतकरी सावड करून पेरणी उरकत. इरजिकीला गाव जमे आणि जेवणावर काम होई. पेरणीच्या ऐन घाईत शेजाऱ्याचा बैल मागणे ही आगळीक असली तरी पुढच्या आठवड्यात तोच शेजारी दारात उभा राहणार, याची जाणीव दोघांनाही असे. ज्याच्याशी आयुष्यभर देणेघेणे आहे, त्याला मारका बैल गळ्यात मारण्याची सोय नसे. ट्रॅक्टर आला, बैलजोड्या कमी झाल्या आणि संकरित गायींचा व्यापार जिल्ह्याच्या, किंबहुना राज्याच्या सीमा ओलांडून गेला. घेणारा आणि देणारा पुन्हा भेटण्याची शक्यता उरली नाही. लाजेचा बांध फुटला. त्याच्या जागी कायद्याचा बांध मात्र उभा राहिला नाही.

कायदा या बाबतीत काय म्हणतो, हे पाहणे उद्बोधक आहे. १८७२चा भारतीय करार कायदा आजही लागू आहे. त्याच्या १७व्या कलमात फसवणुकीची व्याख्या करताना चक्क जनावराचाच दाखला दिला आहे. घोडा सदोष आहे हे ठाऊक असताना मालकाने तो लिलावात विकला आणि दोषाबद्दल अवाक्षर काढले नाही, तरी ती फसवणूक नव्हे. पण घेणारी व्यक्ती त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणाऱ्याने ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन’ असे बजावले असेल आणि विकणारा तरीही गप्प राहिला, तर त्याचे मौन हे बोलण्यासारखेच मानले जाते. १९३०च्या माल विक्री कायद्यानेही काही अपवाद सोडल्यास पारखून घेण्याची जबाबदारी ग्राहकावरच टाकली आहे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४पासून लागू झाली. तिच्या ३१८व्या कलमाखाली फसवणुकीची तक्रार करता येते, पण विकणारा नेमके काय बोलला होता, याचा पुरावा कोठून आणायचा? रुमालाखाली झालेल्या सौद्याला साक्षीदार नसतो.

थोडक्यात, कायद्यालाही भीड न बाळगता विचारणारा ग्राहकच अभिप्रेत आहे. बाजार ज्याला आगाऊ म्हणतो, त्यालाच कायदा संरक्षण देतो. भिडस्त माणसाच्या वाट्याला मात्र सदोष गाय येते.

यात अलीकडच्या काळात दोन गोष्टींची भर पडली. मार्च २०१५पासून राज्यात गायींबरोबरच बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. या कायद्याच्या हेतूविषयी मतभेद असू शकतात. त्याच्या आर्थिक परिणामाविषयी शेतकऱ्याच्या मनात संभ्रम नाही. म्हाताऱ्या बैलाला आणि भाकड गायीला मिळणारा उरलासुरला भाव कोसळला. २०२५च्या पावसाळ्यात कुरेशी समाजातील व्यापाऱ्यांनी वाटेतील अडवणुकीच्या निषेधार्थ खरेदी थांबवली, तेव्हा अनेक बाजारांतून जनावरे आली तशी परत गेली. भाकड जनावर ‘भाकड’ म्हणून विकताच येत नसेल, तर ते ‘दुभते’ म्हणून खपवण्याचा मोह वाढणारच. खरे सांगण्याची किंमत वाढली की खोट्याला गिऱ्हाईक मिळते.

दुसरी गोष्ट रोगांची. २०२२मध्ये लम्पी त्वचारोगाच्या साथीत राज्यातील गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले. एका आजारी जनावराची लपवाछपवी शेकडो गोठ्यांना कशी भोवते, हे त्या वेळी दिसले. ब्रुसेलोसिससारखा रोग तर अधिक फसवा आहे. त्याने गायीचा गर्भपात होतो, पण गाय वरून धडधाकट दिसते, आणि कच्च्या दुधातून किंवा गर्भपाताच्या स्रावातून तो माणसालाही होतो. ‘एकदा गाभडली होती’ हे तीन शब्द लपवणारा विक्रेता केवळ गाय विकत नाही. तो नव्या घरात रोग पाठवत असतो.

यावर उपाय नाही असे नाही. जनावराच्या कानातील १२ अंकी बिल्ल्याची योजना राष्ट्रीय पातळीवर राबवली जात आहे. १ जून २०२४पासून बिल्ला नसलेल्या जनावरांची बाजारात खरेदी-विक्री आणि वाहतूक करू नये, असा राज्य सरकारचा आदेश आहे. त्याच वर्षी गायीच्या दुधाला जाहीर झालेले लिटरमागे ५ रुपयांचे अनुदानही या बिल्ल्याशी जोडले गेले. ‘भारत पशुधन’ प्रणालीत त्या क्रमांकापुढे लसीकरण, कृत्रिम रेतन, उपचार यांच्या नोंदी ठेवता येतात. म्हणजे गायीची कुंडली मांडण्याची सोय आहे; प्रश्न ती सौद्याच्या वेळी उघडण्याचा आहे. आज बिल्ला बहुधा कानात लटकतो आणि सौदा रुमालाखालीच होतो. शिवाय नोंदही अखेर माणूसच करतो. मोठ्या जनावराचे वय मालकाच्या सांगण्यावरून लिहिले गेले असेल, तर ती लबाडीच संगणकात जाऊन अधिकृत होते.

म्हणूनच खरी सुधारणा बाजार समितीच्या पावतीपासून व्हायला हवी. बिल्ल्याचा क्रमांक, वेत कितवे, गाभण असल्यास किती महिन्यांची, रोजचे दूध किती आणि ठाऊक असलेले दोष कोणते, एवढे पाच रकाने पावतीवर असावेत आणि त्याखाली विक्रेत्याची सही असावी. गप्प राहणाऱ्याला १८७२चा कायदा सोडून देतो; लिहून खोटे सांगणाऱ्याला नाही. बाजाराच्या दिवशी एक पशुवैद्यक आणि बिल्ल्याची नोंद वाचून दाखवणारा एक कर्मचारी एवढी जोड त्याला मिळाली, तर ‘चार दिवस दूध काढून पाहतो’ म्हणण्याची गरजच उरणार नाही. याला विरोध होईल तो दलालांकडून, आणि हेही मान्य केले पाहिजे की काही अंशी शेतकऱ्यांकडूनही. आज घेणारा असलेला शेतकरी उद्या विकणारा असतो आणि आपल्या भाकड गायीचे खरे वेत लिहून देण्याची वेळ त्याच्यावरही येणार असते.

शहरातील ग्राहक सकाळी दुधाची पिशवी घेताना भाववाढीची तक्रार करतो. त्या भावात चारा, पेंड, वाहतूक यांबरोबरच फसव्या गायींचा तोटाही मिसळलेला असतो. १५० वर्षांपूर्वीच्या कायद्याने बाप-लेकीच्या व्यवहारात घोड्याची खोड सांगणे कर्तव्य मानले आणि बाजारात ते ऐच्छिक ठेवले. गाव हे एक घर होते तोवर हा भेद फारसा जाणवला नाही. आता घरचे नाते उरले नसेल, तर त्याचे काम निदान एका सहीच्या पावतीने करावे, एवढीच अपेक्षा आहे.