चाहत्यांचा चित्रपट आणि चरित्र अभिनेता



चाहत्यांनी हक्कधारक कंपनीला वगळून, विक्रीचा हेतू न ठेवता काढलेल्या महानायकपटात, म्हणजे ‘फॅन फिल्म’मध्ये, नावाजलेल्या चरित्र अभिनेत्याची वर्णी केवळ मिरवण्यासाठी लावली जाते, हे गेल्या अंकातील पत्राचे प्रतिपादन फिल जोआनू दिग्दर्शित ‘द पनिशर: डर्टी लाँड्री’ (२०१२) या लघुपटापुढे टिकत नाही. २००४ च्या ‘द पनिशर’मधील टॉमस जेन येथे पुन्हा फ्रँक कॅसल, म्हणजेच पनिशर, साकारतो, त्यामुळे हा जेमतेम दहा मिनिटांचा लघुपट त्या चित्रपटाचा अनधिकृत उत्तरभागच ठरतो. २००४ मध्येच ‘हेलबॉय’चा नायक झालेला रॉन पर्लमन यात चाकांच्या खुर्चीतला दुकानदार आहे; बाहेर गुंडांचा धुडगूस चालू असताना, आपण पूर्वी असेच मध्ये पडलो आणि कायमचे अधू झालो, हे तो कॅसलला सांगतो. नायक जवळजवळ मूक असल्याने हस्तक्षेपाची किंमत काय, हा कथेचा गाभा दुय्यम पात्रानेच बोलून दाखवणे भाग होते, आणि वाट्याला आलेल्या मोजक्या क्षणांत एक संपूर्ण आयुष्य उभे करणे हेच तर चरित्र अभिनेत्याचे काम. कच्च्या नटाच्या तोंडी त्याच वाक्यांचे प्रवचन झाले असते. पर्लमनच्या नावाने प्रेक्षक ओढला गेला असेलही. पण तेवढ्याने ही निवड खोटी ठरत नाही. पत्रलेखकांनी निदान दुकानातला तो प्रसंग पुन्हा पाहावा, ही विनंती.

एक वाचक